प्रवाळाच्या टाकीवरचा घरगुती मल्टिचिप दिवा : पार्श्वभूमी

काचेच्या टाकीत समुद्री प्रवाळ वाढवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये, विशेषतः अमेरिका आणि युरोपात, २०१०च्या आसपास एक नवा उद्योग रुजू लागला. तळहातापेक्षा लहान पाटीवर दाटीवाटीने एलईडी बसवलेली मल्टिचिप विकत घ्यायची, संगणकाच्या प्रोसेसरवर असतो तसल्या पंखेवाल्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, ती घट्ट आवळायची, तिला ठरावीक प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर जोडायचा आणि तयार झालेला दिवा टाकीवर टांगायचा. वरवर पाहता हा पैसे वाचवण्याचा खटाटोप वाटतो आणि काही अंशी तो होताही. मात्र हा दिवा ज्या अडचणीतून जन्माला आला ती केवळ पैशाची नव्हती.

रीफ म्हणजे प्रवाळखडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून प्रवाळाला त्याच्या अन्नाचा मोठा वाटा मिळतो. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते, त्यामुळे या शैवालांची रंगद्रव्ये मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यावर चालतात. टाकीवर भरपूर उजेड हवा आणि त्यात निळ्याचा भाग मोठा हवा, ही अट तेथूनच आली. पूर्वी ती पुरी करण्याचा साधा मार्ग ऊन हाच होता. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी जिवंत खडक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातले दगड), हवेचे बुडबुडे आणि उष्ण कटिबंधातील सूर्यप्रकाश एवढ्यावर समुद्री टाक्या सांभाळल्या आणि १९६१मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. थंड देशांतल्या बंद खोल्यांमध्ये ती जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते.

१९८६मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत ‘मिनी रीफ’ची लाट आणली, तेव्हा टाकीवर मुख्यतः ट्यूबलाइट असत. त्यांच्या जोडीला ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणाऱ्या निळसर ‘ॲक्टिनिक’ ट्यूब लावण्याची रीत पडली. जर्मनीतील मंडळी मेटल हॅलाइड दिव्यांकडे वळली होती आणि पुढे अमेरिकेतही २५० व ४०० वॉटच्या या दिव्यांनी कडक प्रवाळाच्या टाक्यांवर बराच काळ राज्य केले. त्यांच्या लोकप्रियतेमागे तीव्रतेखेरीज आणखी एक कारण होते. मेटल हॅलाइडचा उजेड जवळजवळ एका बिंदूतून निघतो, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटा तळाशी उजेडाची नाचरी जाळी उमटवतात, जी ट्यूबच्या पसरट उजेडात दिसत नाही. ज्याने ती जाळी एकदा आपल्या टाकीत पाहिली त्याला ट्यूबचा उजेड मेलेला वाटतो. ही तक्रार मला निव्वळ नखरा वाटत नाही, कारण उथळ रीफवर खरोखर तसाच उजेड पडतो. किंमत मात्र जबर होती. विजेचे बिल वाढे, पाणी तापून ते थंड करणारा चिलर घ्यावा लागे, आणि बल्बचा वर्णपट हळूहळू सरकत असल्याने तो साधारण वर्षाकाठी बदलावा लागे.

निळा एलईडी या शौकापासून अगदी दूरच्या गरजेतून आला. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या कामातून गॅलियम नायट्राइडचा प्रखर निळा एलईडी साकारला, जपानच्या निचिया कंपनीने तो १९९३मध्ये जाहीर केला आणि २०१४मध्ये या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने पिवळे चमकणारी भुकटी, लावून पांढरा एलईडी बनवण्याची निचियाची युक्ती १९९६ची. रस्त्यावरच्या दिव्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे पांढरा एलईडी जाऊ लागला, तेव्हा त्याच्या पोटातली ४५० नॅनोमीटरच्या आसपासची ‘रॉयल ब्लू’ चिप प्रचंड संख्येने बनू लागली आणि स्वस्त झाली. झूझँथेलीला हाच पट्टा मानवतो, हा प्रवाळपालकांच्या नशिबाचा भाग होय. त्यांच्यासाठी म्हणून कोणी हा एलईडी बनवला नव्हता.

तयार एलईडी दिव्यांचा आरंभ अडखळत झाला. पीएफओ लाइटिंग या अमेरिकी कंपनीचा ‘सोलारिस’ २००६च्या सुमारास बाजारात आला. तो महाग होता, पण कल्पना चालते हे त्याने दाखवले. २००७मध्ये ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज या विस्कॉन्सिनमधील कंपनीला समुद्री टाकीवरच्या एलईडी प्रकाशयोजनेचे पेटंट मिळाले, पीएफओवर दावा झाला आणि पुढे ती कंपनी बाजारातून बाहेर पडली. इतर उत्पादकही बिचकले. त्या पोकळीत घरी दिवा बांधण्याची चळवळ फोफावली. ‘क्री’ कंपनीचे एकेकटे एलईडी षटकोनी ‘स्टार’ पाट्यांवर डाग देऊन बसवायचे, ॲल्युमिनियमच्या लांब हीटसिंकवर भोके पाडून आटे काढायचे, आणि बारा-तेरा एलईडींची माळ मीन वेल कंपनीच्या, उजेड कमी-जास्त करणारा डिमर असलेल्या ४८ व्होल्टच्या ड्रायव्हरला जोडायची, ही तेव्हाची ठरलेली कृती होती.

या दिव्यांखाली प्रवाळ वाढले, परंतु दिसायला काहीतरी खटकत होते. पांढरा एलईडी एकीकडे, निळा दुसरीकडे आणि रंग उठावा म्हणून घातलेला तांबडा तिसरीकडे, म्हणून प्रत्येक फांदीची सावली वेगळ्या रंगाची पडे आणि वाळूवर रंगीत ठिपके फिरत. याला ‘डिस्को’ म्हणत. एव्हाना चिनी कारखान्यांतून फ्लडलाइटसाठी बनणाऱ्या १० ते १०० वॉटच्या मल्टिचिप स्वस्तात मिळू लागल्या होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही त्या दिसतात. त्यांत पांढरे आणि रॉयल ब्लू कण, म्हणजे इवलेसे सुटे एलईडी, एकाच पाटीवर मिसळून मिळाले, तर सगळे रंग एकाच जागेतून निघतील, डिस्को थांबेल आणि मेटल हॅलाइडची ती नाचरी जाळीही परत येईल, असा हिशेब होता. तो बरोबर ठरला. पुढे वेगवेगळ्या रंगांना वेगळी टोके असलेल्या आणि ४०० ते ४२० नॅनोमीटरचे जांभळे कणही सामावणाऱ्या मल्टिचिप खास रीफसाठी निघाल्या. दाट गुच्छाचा हाच मार्ग ‘केसिल’सारख्या तयार दिव्यांनीही धरला.

तोटे मात्र त्याच दाटीत होते. १०० वॉटच्या नेहमीच्या मल्टिचिपमध्ये दहा-दहा कणांच्या दहा माळा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात आणि ती सुमारे ३० ते ३५ व्होल्टवर ३ अँपिअर खाते. ड्रायव्हर एकूण ३ अँपिअर सांभाळतो, माळांमधली वाटणी त्याच्या हातात नसते. कणाला जोडणारी केसाहून बारीक तार एका माळेत तुटली की उरलेल्या नऊ माळांवर प्रत्येकी ०.३ऐवजी ०.३३ अँपिअर येतो, त्या अधिक तापतात आणि पुढची माळ आधीपेक्षा लवकर जाते. याउलट कण शॉर्ट झाला तर त्या माळेला कमी व्होल्ट पुरतात, ती आपल्या वाट्याहून अधिक प्रवाह ओढते आणि तापल्यावर आणखी ओढते. म्हणूनच जाणकार बांधणारे १०० वॉटची चिप ५०-६० वॉटवरच चालवत, चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णतावाहक थर्मल पेस्टचा थर पातळ आणि सलग ठेवत आणि पंखा थांबला तर दिवा बंद पडेल असा स्विच घालत. माझ्या मते, स्वस्त मल्टिचिपला बदनाम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिच्यावर लिहिलेले वॉट खरे मानले होते.

मोजमापाचा भागही याच काळात घडला. पेन स्टेट विद्यापीठातील औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांनी मेटल हॅलाइडच्या दिव्यांचे वर्णपट एकेक करून मोजले होते, त्यामुळे दिवा वॉटवर न जोखता प्रवाळापर्यंत पोचणाऱ्या, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशकणांवर, म्हणजे ‘पार’वर (PAR), जोखण्याची सवय या शौकाला लागली. पण त्या काळचे हौशी वापराचे मीटर निळा प्रकाश असतो त्याहून कमी दाखवीत. निळ्या मल्टिचिपखाली आकडा लहान दिसे, मालक डिमर वर नेई आणि प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकून पांढरा पडे. नवा दिवा निम्म्याहून कमी जोरावर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा, हा आज सर्रास दिला जाणारा सल्ला अशा अनुभवांतून पक्का झाला.

भारतात या दिव्याचा उपयोग कायद्याने बांधलेला आहे. २००१पासून रीफ बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या खडकांवरचा तुकडा घरी आणणे हा वाघाच्या शिकारीच्याच पंक्तीतला गुन्हा ठरतो. अमेरिकेतही घरगुती बांधणीचा जोर पुढे ओसरला, कारण नियंत्रक, लेन्स आणि आवरणासह चिनी तयार दिवे सुट्या भागांच्याच किमतीत मिळू लागले. आता मल्टिचिप घेऊन बसणारे उरले आहेत ते मुख्यतः नेहमीपेक्षा खोल किंवा विचित्र आकाराच्या टाक्यांचे मालक, ज्यांना अरुंद कोनाची लेन्स लावून उजेड सरळ तळापर्यंत उतरवायचा असतो.