कार्सिनॉइड गाठींची शस्त्रक्रिया आणि पाच वर्षांचा अपुरा हिशेब

म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली लहान आतड्यातील काही बारीक गाठींचे कार्सिनॉइड या नावाने वर्णन केले, तेव्हा त्या सावकाश वाढतात आणि पसरत नाहीत, असे त्यांचे मत होते. १९२९ मध्ये त्यांनीच ते बदलले. तरीही निरुपद्रवीपणाची समजूत पुढे बराच काळ टिकली.

या समजुतीची खरी तपासणी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स मोर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. अपेंडिक्समध्ये कार्सिनॉइड गाठ असलेल्या १५० रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १२७ जणांची गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती आणि त्यांतील एकाचाही आजार पसरलेला आढळला नाही, त्यामुळे अशा रुग्णांना केवळ अपेंडिक्स काढणे पुरेसे ठरले. लहान आतड्याला मात्र हा निकष लागू पडत नाही. तेथे एक सेंटिमीटरहून लहान गाठही लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेली असू शकते, म्हणून आतड्याच्या त्या भागासोबत त्याचे आंत्रबंध (आतड्याला पोटाच्या मागील भिंतीशी जोडणारा पडदा) आणि त्यातील ग्रंथीही काढाव्या लागतात.

जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना जपूनच करावी लागते. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीत सर्व अवयवांतील चेतासंप्रेरक गाठींचे (संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींच्या गाठी; कार्सिनॉइड हा त्यांचाच प्रकार) प्रमाण १९७३ मध्ये लाखामागे १.०९ होते, ते २००४ मध्ये ५.२५ झाले. या वाढीत एंडोस्कोपी आणि स्कॅनमुळे सहज सापडू लागलेल्या छोट्या गाठींचा वाटा असावा, आणि अशा गाठी वाढल्या की शस्त्रक्रियेत काहीही सुधारणा न होताही सरासरी जगण्याचा आकडा वर सरकतो. शिवाय १९८० च्या दशकात ऑक्ट्रिओटाइड हे औषध आल्यावर यकृतात आजार पसरलेल्या रुग्णांचे, गाठींतील संप्रेरकांमुळे होणारे जुलाब आणि चेहऱ्याची लाली आटोक्यात येऊ लागली. त्यांच्या पुढील वर्षांचे श्रेय एकट्या शस्त्रक्रियेला देता येत नाही.

अपेंडिक्समधील एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींसाठी फक्त अपेंडिक्स काढणे पुरेसे की मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढावा, हा वाद मात्र दीर्घ पाठपुराव्यामुळेच निवळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात अशा २७८ रुग्णांपैकी काहींचे फक्त अपेंडिक्स, तर काहींच्या मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढलेला होता. सुमारे १३ वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांत या गाठीमुळे एकही मृत्यू झाला नाही. लहान आतड्याच्या बाबतीत इतकी निश्चिंती नाही: सर्व दिसणारा आजार काढल्यानंतरही तो दशकभराने यकृतात उगवू शकतो, म्हणून तेथे पाच वर्षांचा हिशेब अपुरा ठरतो आणि किमान दहा वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.