हृदयातील छिद्रासाठी छत्री : मोफत उपचाराचा अर्ज नेमका कोठे अडतो

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः असलेले छिद्र पुष्कळ मुलांमध्ये छाती न उघडता बुजवता येते. निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांची, दोन चकत्यांची ‘छत्री’ मांडीच्या शिरेतून नळीवाटे आत नेऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडतात आणि काही महिन्यांत तिच्यावर शरीराचेच अस्तर चढते. हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होऊ शकतो. मात्र या कार्यक्रमात अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणाऱ्या डॉक्टरांनी छिद्राचा संशय नोंदवला म्हणजे मंजुरी मिळाली, असा समज करून घेऊ नये. ती केवळ पुढे पाठवण्याची चिठ्ठी असते.

जन आरोग्य योजनेची नोंदणी अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) करतो. आधार व शिधापत्रिका दाखवली की ते काम उरकते. अडते ते शिधापत्रिकेपाशी. चंदगड किंवा गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीने आलेली आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले कार्ड टेबलावर ठेवते, त्यावर घरातील सगळी नावे असतात, आणि शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या नातवाचे तेवढे नसते. जन्मदाखला काढून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव चढवण्याचे काम छिद्राचे निदान झाले त्याच आठवड्यात सुरू करावे. कार्डाचा बारा अंकी क्रमांक ऑनलाइन दिसतो का, हेही तेव्हाच पाहावे. कार्ड निघाल्यानंतर जन्मलेल्या तान्ह्या बाळासाठी जन्मदाखला आणि आईवडिलांसोबतचा फोटो चालेल का, हे आरोग्यमित्राला स्वतःहून विचारावे, कारण विचारल्याशिवाय ते सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी अडचण इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालाची. ‘छिद्र आहे’ एवढ्यावर छत्रीची मंजुरी मिळत नाही. छत्री छिद्राच्या कडांना धरून बसते. म्हणून आकार किती मिलिमीटर आणि भोवतीच्या कडा पुरेशा आहेत का, हे अहवालात लिहिलेले हवे. कडा अपुऱ्या असतील किंवा छिद्र पडद्याच्या मधोमध नसून टोकाला असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि मग अर्जही त्या उपचाराचा करावा लागतो. जुना, पुसट झालेला अहवाल जोडून महिनाभर वाट पाहणारे पालक पाहिले की वाईट वाटते.

पूर्वमंजुरी येण्याआधी पैसे भरून उपचार उरकू नयेत. योजना रोखरहित आहे. पावती नेऊन दाखवली तरी रक्कम परत मिळत नाही.

योजनेत बसत नसल्यास मुख्यमंत्री सहायता निधीचा मार्ग उरतो. तेथे १ लाख ६० हजार रुपयांच्या आतील उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. खासगी रुग्णालयाचे असल्यास ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे. बाळ लहान असल्यास आईचे आधार जोडावे. उत्पन्नाच्या दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. दाखला काढल्याच्या तारखेपासून वर्षभर चालेल, असे धरू नये. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये हातात घेऊन आलेल्यांना पुन्हा तहसीलच्या रांगेत उभे राहावे लागते.