जुन्या घरगुती संगणकांची विस्तारसाधने आणि जोड प्रोसेसर

१९७७ नंतरच्या दीड दशकात विकल्या गेलेल्या घरगुती संगणकांना मेमरी, साठवण, आवाज, छपाई किंवा आणखी एक प्रोसेसर पुरवण्यासाठी जी कार्डे, कार्ट्रिज आणि पेट्या जोडल्या जात, त्यांना विस्तारसाधने म्हणतात. त्यांतला जोड प्रोसेसर हा प्रकार वेगळा काढावा लागतो. मेमरी वाढवली की तेच यंत्र जरा ऐसपैस होते. दुसरा प्रोसेसर आला की मात्र एका घरात दोन कारभारी होतात. बस (प्रोसेसर, मेमरी आणि इतर भागांना जोडणाऱ्या तारांचा समूह) कोणाच्या ताब्यात राहणार आणि पडदा कोण रंगवणार, हे आधी ठरवावे लागते. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कंपनीने वेगळे दिले आणि बहुतेक साधनांचे यशापयश त्यावरच ठरले.

किंमत खाली ठेवायची म्हणून ही यंत्रे मुळातच तोकडी असत. सिंक्लेअरच्या झेडएक्स ८१ मध्ये (१९८१) अवघी १ किलोबाइट रॅम (कामाची मेमरी) होती. १६ किलोबाइटचा रॅम पॅक मागच्या उघड्या कडेवर नुसता खोचायचा. प्रोसेसरच्या पत्त्याच्या आणि डेटाच्या तारा मध्ये कोणतेही बफर (संकेत सावरणारी मधली चिप) न घालता थेट त्या कडेपर्यंत आणलेल्या होत्या. त्यामुळे की दाबताना पॅक किंचित हलला तरी यंत्र बंद पडे आणि टाइप केलेला सगळा प्रोग्रॅम जाई. वापरणारे चिकटपट्टी लावून वेळ निभावत.

त्याच कंपनीच्या स्पेक्ट्रमसाठी १९८३ मध्ये आलेला इंटरफेस वन मात्र डोकेबाज होता. मूळ रॉमला (यंत्रात कायमच्या कोरलेल्या प्रोग्रॅमला) न समजणारी आज्ञा आली की प्रोसेसर चूक नोंदवण्यासाठी ८ क्रमांकाच्या पत्त्यावर उडी घेतो. इंटरफेस त्या पत्त्यावर टपून बसलेला असे. उडी दिसताच तो मूळ रॉम बाजूला सारून स्वतःची ८ किलोबाइट रॉम पुढे करी आणि आज्ञा मायक्रोड्राइव्हसाठी (सिंक्लेअरच्या छोट्या फितीच्या साठवण ड्राइव्हसाठी) आहे का ते पाही. यंत्रातल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेला हात न लावता ती वाढवण्याची ही युक्ती आजही अभ्यासण्याजोगी आहे.

स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी रचलेल्या अ‍ॅपल टू मध्ये (१९७७) झाकणाखाली आठ स्लॉट होते. कोणत्या स्लॉटला कोणते पत्ते हे बोर्डावरच ठरलेले असल्याने कार्डावर स्विच जुळवत बसावे लागत नसे. याच स्लॉटसाठी मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये सॉफ्टकार्ड काढले. त्यावर झेड ८० हा प्रोसेसर होता आणि सीपी/एम या कार्यप्रणालीवरचे व्यावसायिक प्रोग्रॅम, उदाहरणार्थ मजकूर लिहिण्याचा वर्डस्टार, अ‍ॅपलवर चालवणे हा त्याचा हेतू होता. अडचण मेमरीच्या तळाशी होती. अ‍ॅपलचा मूळ प्रोसेसर ६५०२ पहिले ५१२ बाइट स्वतःच्या कामासाठी आणि स्टॅकसाठी (तात्पुरत्या नोंदींच्या चळतीसाठी) वापरतो, त्यापुढे थोड्याच अंतरावर पडद्याचा मजकूर असतो. आणि सीपी/एमलाही नेमकी तळाचीच जागा हवी असते. सॉफ्टकार्ड झेड ८० च्या पत्त्यांचे भाषांतर करी : झेड ८० ने शून्य म्हटले की अ‍ॅपलच्या मेमरीत ४०९६ उघडे. डिस्क किंवा कीबोर्डचे काम निघाले की झेड ८० थांबे आणि ६५०२ ते उरकून देई. दोघे एकाच वेळी कधीच धावत नसत.

कमोडोर ६४ साठीही झेड ८० चे कार्ट्रिज निघाले, पण ते फसले. ४० अक्षरांच्या ओळी आणि इतर यंत्रांच्या सीपी/एम डिस्क वाचू न शकणारा १५४१ ड्राइव्ह, एवढ्यावर त्याचा फायदा कोणाला होणार?

बीबीसी मायक्रो (१९८१) या संगणकासाठी तो बनवणाऱ्या एकॉर्नने उलट वाट धरली. ट्यूब नावाच्या जोडणीत दुसरा प्रोसेसर स्वतःच्या मेमरीसह वेगळ्या पेटीत बसतो आणि बस वाटून घेतच नाही. पडदा, कीबोर्ड, डिस्क सांभाळणारा मूळ संगणक म्हणजे होस्ट. प्रोग्रॅम चालवणारा तो पॅरासाइट. दोघांत चार दुहेरी वाहिन्या असतात. अक्षरांच्या वाहिनीत २४ बाइटची रांग असल्यामुळे पॅरासाइट अक्षरे टाकून पुढे निघतो, होस्ट ती सवडीने पडद्यावर काढतो. मूळ ३२ किलोबाइटपैकी २० किलोबाइट बारीक रेखाटनाच्या पडद्यातच जात. ट्यूब लावली की त्याची झळ प्रोग्रॅमला लागत नसे. कार्यप्रणालीमार्फत रीतसर काम मागणारे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत, थेट पडद्याच्या मेमरीत लिहिणारे तोंडघशी पडत. या काळातली ही सर्वांत स्वच्छ रचना म्हणावी लागेल. एकॉर्नचा पहिला एआरएम प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाला, तोही बीबीसी मायक्रोच्या ट्यूबवरच.

तिसरा मार्ग म्हणजे मूळ प्रोसेसरची जागाच घेणे. अशा साधनांना अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. १९९६ चे सुपरसीपीयू कमोडोर ६४ ला २० मेगाहर्ट्झपर्यंत नेते, पण चित्र काढणारी चिप जुन्या १ मेगाहर्ट्झच्याच चालीने जाते, म्हणून पडद्याशी काम पडले की नव्या प्रोसेसरला थांबावे लागते. कमोडोरच्याच अमिगा या संगणकातही तेच. ५०० या नमुन्याच्या पोटातल्या झडपेत बसणारे ए५०१ कार्ड ५१२ किलोबाइट वाढवी, मात्र ती मेमरी चित्र-आवाजाच्या चिपांच्याच बसवर असल्याने मंद; प्रोसेसरच्या बाजूची ‘फास्ट रॅम’ वेगळी घ्यावी लागे. या कार्डावरची घड्याळाची बॅटरी आता गळून तांब्याच्या रेषा खाते, तेव्हा जुने कार्ड हाती आले की आधी ती काढावी.

अलीकडे पायट्यूबडायरेक्ट आणि पायस्टॉर्म या प्रकल्पांत रॅस्पबेरी पाय हा आजचा छोटा, एकाच बोर्डावरचा संगणकच जोड प्रोसेसर म्हणून वापरतात. जुन्या बस ५ व्होल्टच्या आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने मध्ये पातळी बदलणाऱ्या चिपा लागतात. पायस्टॉर्म अमिगाच्या ६८००० या मूळ प्रोसेसरच्या जागी बसते आणि त्याची नक्कल कितीतरी पट वेगाने करते. तरी मूळ चिपांशी बोलताना तिलाही सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या बसची वाट पाहावी लागते.