सेंटरपीस (लांब टेबलाची मध्यसजावट)

जेवणाच्या टेबलावर समोरासमोरच्या ताटांमध्ये जो पट्टा मोकळा राहतो, तो फुले, फळे, मेणबत्त्या, चांदीची किंवा काचेची पात्रे मांडून सजवण्याची ही युरोपीय रीत. गोल टेबलाला मधोमध एक गुच्छ पुरतो. वीस-पंचवीस जणांच्या लांब टेबलावर मात्र तोच गुच्छ एकटा पडतो आणि टोकाला बसलेल्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून लांब टेबलाची सजावट सुट्या भागांची, पण लांबीभर एका सूत्रात चालणारी असते. ही रीत अभिरुचीपेक्षा अन्न वाढण्याच्या पद्धतीने जास्त घडवली आहे.

मध्ययुगीन मेजवानीत यजमानासमोर मिठाचे मोठे पात्र आणि ‘नेफ’ हे जहाजाच्या आकाराचे चांदीचे पात्र मानाने ठेवत. बेन्वेनुतो चेल्लीनीने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्यासाठी 1540 ते 1543 या काळात घडवलेले आणि आज व्हिएन्नात असलेले सोन्याचे मीठदान याच परंपरेतले. इटलीत डिंक घालून मळलेल्या साखरेच्या मूर्ती आणि देखावे टेबलावर येऊ लागले. व्हेनिसमध्ये 1574 साली फ्रान्सचा राजा तिसरा आँरी याला दिलेल्या मेजवानीत रुमाल आणि ताटल्यासुद्धा साखरेच्या होत्या. साखरेच्या मूर्ती दमट हवेत टिकत नाहीत. 1710 मध्ये जर्मनीत मायसेनचा कारखाना निघाला आणि पुढे योहान योआखिम केंडलर या मूर्तिकाराने तिथे घडवलेल्या चिनीमातीच्या मूर्तींनी साखरेची जागा घेतली.

फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘सुर्तू द ताब्ल’ रूढ झाले. सुरुवातीला हे कामाचे तबक होते: मेणबत्त्या, साखर, मसाले, तेल आणि व्हिनेगर एका जागी ठेवण्यासाठी. तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. रश्शाची भांडी आणि मांसाची तबके यांतच टेबल भरून जाई, आणि नुसत्या शोभेला फारशी जागा उरत नसे.

हे बदलले ते रशियन पद्धतीमुळे. पॅरिसमधले रशियाचे राजदूत अलेक्सांद्र कुराकिन यांच्या मेजवान्यांतून ती 1810 च्या सुमारास पश्चिम युरोपच्या ओळखीची झाली. तिच्यात पदार्थ बाजूला कापून एकामागून एक पाहुण्यांना वाढतात. एकोणिसाव्या शतकात ती जसजशी पसरली तसतसा टेबलाचा मध्य रिकामा पडला आणि फुलांना खरी जागा मिळाली.

लांबीचा प्रश्न सर्वांत देखणेपणाने सोडवला तो आरशाच्या तबकाने. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांनी 1817 मध्ये फ्रान्समधून मागवलेले असे तबक व्हाइट हाउसमध्ये आजही आहे. सोनेरी मुलाम्याच्या कांस्याचे हे तबक सात भागांचे असून सगळे जोडले की साडेचौदा फूट लांब होते. पाहुणे कमी असले की भाग कमी जोडायचे. काठावरच्या कांस्यमूर्तींच्या हातात मेणबत्त्या असतात आणि तळच्या आरशात प्रत्येक ज्योत दुसऱ्यांदा दिसते. विजेच्या दिव्यांपूर्वी या दुप्पट उजेडाचे मोल मोठे होते.

इंग्लंडमध्ये 1861 साली फळाफुलांच्या टेबल-सजावटीची स्पर्धा झाली. थॉमस मार्च यांची मांडणी तिच्यात पहिली आली. खाली एक पसरट काचेचे तबक, वर दुसरे लहान, आणि दोघांना जोडणारा काचेचा बारीक दांडा, एवढीच ती रचना. फुले एक तर खाली, नाही तर नजरेच्या वर. मधल्या उंचीवर फक्त दांडा, त्यामुळे समोरच्याचा चेहरा अडत नाही. या विषयातली इतकी शहाणी वस्तू दुसरी झाली नाही. आजचे सजावटकारही तेच पाळतात: मांडणी एक फुटाच्या आत ठेवायची, किंवा बारीक दांड्यावर पुरती वर न्यायची. गप्पा अडवणारा गुच्छ कितीही महाग असो, तो चुकलेलाच. निशिगंध, मोगरा, लिली यांसारखी उग्र वासाची फुले जेवणाच्या टेबलावर टाळलेली बरी, कारण त्यांच्यापुढे अन्नाचा वास टिकत नाही.

आपल्या पंगतीत मध्यसजावटीला जागाच नसते, कारण दोन रांगांमधली वाट वाढप्यांची. त्यामुळे सगळी शोभा प्रत्येकाच्या पाटापानाभोवती येते: रांगोळीची महिरप आणि जवळ उदबत्तीचे घर. मध्यसजावट मराठी घराण्यांत पोहोचली ती संस्थानिकांच्या दरबारी मेजवान्यांतून. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचा ग्वाल्हेर येथील जयविलास महाल 1874 मध्ये पूर्ण झाला. तिथल्या लांबलचक टेबलावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळापासून चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून फिरत असे. तिच्या डब्यांवर घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे, आणि डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया व सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. फिरत्या गाडीमुळे टेबलाच्या दोन्ही टोकांना सारखाच मान मिळतो. लांब टेबलाचे मूळ दुखणे इतक्या गमतीदार रीतीने दुसरीकडे क्वचितच दूर झाले असेल.

हल्ली लग्नसमारंभांत टेबलाच्या लांबीभर पानांची माळ अंथरतात आणि तिच्यात ठरावीक अंतरावर कमी उंचीची फुलपात्रे व दिवे मांडतात. ताटे, पेले आणि वाढणाऱ्याचा हात यांना अडथळा होऊ नये म्हणून माळेची रुंदी टेबलाच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवतात. फुले उभी राहावीत म्हणून 1950 च्या दशकापासून हिरवा फोम वापरात आहे. तो प्लास्टिकचाच प्रकार असून चुरा होऊन पाण्यात मिसळतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. त्याऐवजी इकेबाना या जपानी पुष्परचनेतली खिळ्यांची बैठक किंवा वाटीत दुमडून बसवलेली तारेची जाळी वापरता येते. ही दोन्ही साधने धुऊन पुन्हा वापरता येतात.