चार सेकंदांची रांग

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि प्रवासी वाहतूक सुरू झाली २५ डिसेंबरला. फीत कापून झाली, धावपट्टी तयार, इमारत झगमगतेय, मग अडीच महिने कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. नवं टर्मिनल उघडताना अशा मधल्या काळात बरीच कामं उरकावी लागतात. त्यांतलं प्रवाशाला सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात जास्त जाणवणारं काम म्हणजे सुरक्षा तपासणीची घडी बसवणं.

सुरुवात सफाईपासून होते. झाडूची नव्हे, घातपातविरोधी तपासणीची. टर्मिनल उभं राहत असताना तिथे शेकडो कामगार हातोडे, पाने, कटर, ड्रिल घेऊन वावरत असतात. विमानात न्यायला बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीतही नेमकी हीच हत्यारं असतात. म्हणजे एका ठरलेल्या घडीला, जिथे काल सुतारकाम चालू होतं तिथे आज साधं ब्लेडही सापडता कामा नये. त्यासाठी तपासणी रांगेच्या पलीकडचा सगळा भाग कोपरा न कोपरा शोधला जातो: फॉल्स सीलिंगच्या वर, वातानुकूलनाच्या डक्टमध्ये, स्वच्छतागृहांतल्या टाक्यांमागे, आग विझवायच्या नळ्यांच्या पेट्यांत, कुंड्यांच्या मातीत. श्वानपथक फिरतं. मग दारं बंद होतात आणि त्या क्षणापासून आत जाणारा प्रत्येक जण तपासूनच जातो. राहिलेला पंखा बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनचा स्क्रूड्रायव्हरसुद्धा नोंद करून आत जातो आणि नोंद करून बाहेर येतो. आतल्या उपाहारगृहातल्या सुऱ्यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

यानंतर यंत्रांची पाळी. सामानाच्या क्ष-किरण यंत्रांतून बाहेर किरण झिरपत नाहीत ना, हे आधी पाहायचं. आपल्याकडे किरणोत्साराच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारी संस्था म्हणजे मुंबईतलं अणुऊर्जा नियामक मंडळ. सामान आत ओढलं जाताना जी शिशाची जाड झालर फडफडते, ती या झिरपण्याला आळा घालते. मग चित्र किती स्पष्ट येतं याची परीक्षा. एका छोट्या पेटीत केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारा आणि पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवलेला असतो. ती पेटी पट्ट्यावरून सोडायची आणि कितव्या पायरीमागची कोणती तार पडद्यावर दिसते ते तपासायचं. ही परीक्षा एकदा होऊन संपत नाही. विमानतळ चालू झाल्यावरही ती नेमाने घ्यावीच लागते. तार दिसेनाशी झाली, की ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत बाद.

पडद्यावरचे रंग अनेकांनी रांगेतून डोकावून पाहिलेले असतात. केशरी, हिरवा, निळा. हे वस्तूचे खरे रंग नव्हेत. यंत्रातल्या क्ष-किरणांत कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. बॅगेतून आरपार गेलेले किरण टिपायला पलीकडे एकामागे एक दोन थर असतात. पुढचा थर मुख्यतः कमी ऊर्जेचे किरण टिपतो, मागचा जास्त ऊर्जेचे. कमी ऊर्जेचे किरण पदार्थात किती अडतील हे त्यातल्या अणूंच्या अणुक्रमांकावर फार अवलंबून असतं. अणुक्रमांक थोडा वाढला तरी शोषण झपाट्याने वाढतं. जास्त ऊर्जेच्या किरणांना मात्र पदार्थ किती दाट आणि किती जाड आहे, याच्याशी अधिक देणंघेणं असतं. या दोन मोजमापांची तुलना केली की वस्तू साधारण कुठल्या अणूंची आहे याचा अंदाज येतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन असे हलके अणू म्हणजे केशरी. ॲल्युमिनियमच्या आसपासचे म्हणजे हिरवा. लोखंड, तांबं असे जड धातू म्हणजे निळा. जिथून किरण जवळपास पार झालेच नाहीत, तो भाग काळा.

गोची केशरी रंगात आहे. स्फोटकं बहुतेक करून कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनची बनलेली असतात. आणि आपलं खाणंही तसंच. पेढ्यांचा बॉक्स, आंबावडीची थप्पी, साजूक तुपाचा डबा, पुरणाचा गोळा हे सगळं पडद्यावर केशरी ठोकळा म्हणून उमटतं. पुस्तकांचा गठ्ठाही तसाच. म्हणून गावाहून परतणाऱ्या माणसाची बॅग जास्त वेळा उघडली जाते. समोरचा जवान त्या ठोकळ्याच्या कडा, पोत आणि आजूबाजूला वायर किंवा बॅटरी आहे का हे पाहत असतो. नुसता पेढा दिसला तर बॅग पुढे जाते. पेढ्यांच्या बॉक्सवर चार्जरची वायर गुंडाळून ठेवली असेल तर थांबते. सुक्या खोबऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या तेलामुळे ते सहज पेट घेतं, म्हणून २०२२मध्ये चेक-इन सामानात न चालणाऱ्या वस्तूंत त्याची भर पडली. इथे प्रश्न ओळखण्याचा नाही, आगीचा आहे. पॉवर बँकेचंही कारण तेच, फक्त नियम वेगळा: ती हातातल्या बॅगेतच हवी, म्हणजे पेटलीच तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

धातुशोधक चौकटीबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करतो. ही चौकट लोहचुंबकासारखी काम करत असेल तर सोन्याच्या बांगड्यांना का वाजते? चौकटीतल्या तारांच्या वेटोळ्यांतून क्षणाक्षणाला विजेचे छोटे झटके सोडले जातात. त्यांनी तयार झालेलं चुंबकीय क्षेत्र विरलं, की जवळच्या धातूत क्षणभर भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरत राहतात. चौकट त्या प्रवाहांचा मागे रेंगाळणारा पडसाद ऐकते. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण वीज उत्तम वाहून नेतं. तेवढं चौकटीला पुरतं.

आता रांगेकडे येऊ, कारण नव्या टर्मिनलची खरी कसोटी इथे लागते.

डेन्मार्कचे ॲग्नर एरलांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. एकाच वेळी किती लोक फोन लावतील आणि त्यासाठी किती जोडण्या लागतील, या प्रश्नावरचं त्यांचं पहिलं गणित १९०९ साली प्रसिद्ध झालं आणि त्यातून रांगांचं शास्त्र जन्माला आलं. त्या शास्त्रातलं अगदी साधं सूत्र घेऊन हिशेब करू. समजा, एका तपासणी मार्गाला दर प्रवाशामागे सरासरी २० सेकंद लागतात. म्हणजे तासाला १८० प्रवासी ही त्याची कमाल क्षमता. प्रवासी कधी एकेकटे, कधी घोळक्याने, कसेही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही वेगळा असतो असं धरू. तासाला १५० प्रवासी येत असतील, तर रांगेतली सरासरी वाट १०० सेकंदांची. १७० आले तर साडेपाच मिनिटांच्या वर. १७५ आले तर पावणेबारा मिनिटांच्या आसपास. प्रवासी २५ने वाढले आणि वाट सातपट झाली!

हेच गणित उलट बाजूने करून पाहा. प्रवासी तेच, तासाला १५०. पण तपासणीला २० ऐवजी २२ सेकंद लागायला लागले. वाट १०० सेकंदांवरून चार मिनिटांवर जाते. आणि २४ सेकंद लागले तर? मग मार्गाची क्षमताच तासाला १५० होते. येणारे १५०, सुटणारे १५०. कागदावर बरोबरी दिसते, पण येण्याजाण्यात चढउतार असल्यामुळे वाया गेलेला एकही क्षण पुन्हा भरून निघत नाही, आणि रांग वाढतच राहते.

फक्त चार सेकंद. आणि नव्या टर्मिनलमध्ये हे चार सेकंद कुठूनही येतात. ट्रे कुठून उचलायचा हे प्रवाशाला माहीत नसतं. लॅपटॉप काढायचा की नाही, असं तो पुढच्याला विचारतो. पट्टा काढायला विसरतो, चौकट वाजते, मागे येतो. जवानालाही नव्या यंत्राची बटणं अजून सवयीची झालेली नसतात. आपल्याकडे चौकटीनंतर हातातल्या यंत्राने अंगझडतीही होते आणि महिलांची झडती पडद्याआडच्या कक्षात महिला कर्मचारीच घेतात. त्यामुळे एका पाळीला किती महिला कर्मचारी हजर आहेत, यावर सगळ्या रांगेचा वेग ठरू शकतो. पट्टा कितीही वेगवान आणा, कक्षापाशी दोनच जणी असतील तर बॅगा पलीकडे येऊन साचतात, ट्रे अडकतात आणि पट्टा थांबवावा लागतो.

म्हणून नव्या टर्मिनलांत तपासणीचा मार्ग लांबलचक ठेवतात. चार-पाच प्रवासी शेजारीशेजारी उभे राहून एकाच वेळी आपापला ट्रे भरतात. ज्याचा भरला त्याचा पुढे सरकतो, पुढच्याच्या बुटाची नाडी सुटेपर्यंत थांबावं लागत नाही. रिकामे ट्रे खालच्या पट्ट्यावरून आपोआप परत येतात. संशयास्पद बॅग बाजूच्या मार्गावर वळते, म्हणजे तिच्यामागच्या बॅगा अडत नाहीत. माझ्या मते या सगळ्यातलं शहाणपण असं, की वाचवायचे ते सेकंद इथे, ट्रेच्या टेबलापाशी वाचवले जातात. पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडून ते काढून घ्यायचे नसतात.

कारण त्या माणसाचं काम विलक्षण अवघड आहे. जे जवळपास कधीच नसतं, ते त्याला शोधायचं असतं. हार्वर्डचे जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. गर्दीने भरलेल्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधायची, एवढंच काम. निम्म्या चित्रांत ती वस्तू असताना लोकांच्या नजरेतून सुमारे ७ टक्के वेळा निसटली. शंभरात एकाच चित्रात असताना ३० टक्के वेळा निसटली. नजर तीच, वस्तू तीच. वारंवार काहीच सापडत नाही म्हटल्यावर मेंदू ‘नाही’ म्हणायला घाई करू लागतो. त्याआधी १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या प्रश्नावरून एक चाचणी रचली होती. घड्याळासारखा काटा ठेक्यात पुढे सरकतो आणि क्वचित एकदम दुप्पट उडी घेतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच अचूकता घसरलेली दिसली. युरोपीय संघाच्या नियमांत पडद्यासमोर सलग साधारण २० मिनिटांहून जास्त बसवू नये असं आहे, ते अशा अभ्यासांशी सुसंगतच आहे.

यावर एक सुंदर उपाय निघाला आहे. खऱ्या बॅगेच्या चित्रात संगणक अधूनमधून पिस्तुलाचं किंवा स्फोटकाचं खोटं चित्र मिसळतो. तपासणाऱ्याने बटण दाबलं की यंत्र सांगतं, ही चाचणी होती, बरोबर ओळखलंत. निसटलं तर त्याचीही नोंद होते. यातून कोण कुठे कमी पडतोय हे कळतं आणि नजरेला ‘सापडतं कधीकधी’ ही सवयही राहते. नवं टर्मिनल उघडताना हे चालू ठेवणं फारच गरजेचं, कारण त्या दिवसांत रांगेचा दबाव सर्वाधिक असतो आणि यंत्राची ओळख सर्वांत कमी. पाळ्या बदलायला पुरेसे लोक नसतील तर पडद्यासमोरून अधूनमधून उठायची विश्रांतीच आधी कापली जाते. तसं होऊ देणं म्हणजे तारांची परीक्षा नापास झालेलं यंत्र चालू ठेवण्यासारखंच आहे.

सगळी तयारी करूनही काय घडू शकतं, हे लंडनच्या हीथ्रोच्या टर्मिनल ५ने दाखवलं. ते २७ मार्च २००८ला उघडलं. त्याआधी हजारो स्वयंसेवकांना खोट्या तिकिटांवर, खोट्या सामानासह फिरवून रंगीत तालमी झाल्या होत्या. तरी पहिल्याच दिवशी ब्रिटिश एअरवेजची ३४ उड्डाणं रद्द झाली आणि पुढचे काही दिवस सामानाचे ढीग साचले. सकाळी कर्मचाऱ्यांनाच गाड्या लावायला जागा सापडेना, आणि आत जाताना त्यांच्या स्वतःच्या सुरक्षा तपासणीतही उशीर झाला. प्रवाशांची रांग सगळ्यांनी आखली होती, पण पहाटे एकदम येणारी ही दुसरी रांगही तितकीच मोलाची होती. शिवाय, तालमीतले खोटे संदेश खऱ्या व्यवस्थेत शिरू नयेत म्हणून संगणकात एक गाळणी लावली होती. ती काढायची राहिली. त्यामुळे इतर विमान कंपन्यांकडून येणाऱ्या खऱ्या बॅगांचे संदेशही अडले आणि व्यवस्थेला त्या बॅगा ओळखताच येईनात.

तालमीतला स्वयंसेवक आणि खरा प्रवासी यांत फरक असतो. स्वयंसेवकाचं विमान सुटणार नसतं. त्याच्या बॅगेत आईने ऐनवेळी कोंबलेली लोणच्याची बरणी नसते, कडेवर रडणारं पोर नसतं. त्यामुळे तालमीत मोजलेले २० सेकंद खऱ्या सकाळी २० राहत नाहीत, आणि किती होतील हे दारं उघडल्यावरच कळतं. म्हणूनच बहुतेक विमानतळ आता हळूहळू उघडतात. नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, पण सुरुवातीचं वेळापत्रक सकाळी ८ ते रात्री ८ एवढंच आणि मोजक्या विमानांचं ठेवलं गेलं. क्षमतेच्या पुष्कळ खाली राहिलं, की दोन-चार सेकंद इकडेतिकडे झाले तरी रांग फुगत नाही. तेवढ्या अवकाशात प्रत्येक मार्गाचा खरा वेग मोजता येतो, फलक कुठे चुकतोय ते दिसतं, पाळ्यांमध्ये माणसं कुठे कमी पडतात ते कळतं, आणि मग एकेक विमान वाढवता येतं.