तात्पुरत्या रेघेची ऐंशी वर्षे

दोन कोरियांची सीमा म्हणजे 38वे अक्षवृत्त, असे आपण शाळेपासून घोकत आलो. 1953 पासून ते खरे नाही. केसाँग ही एकेकाळची राजधानी या अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि 1950-53 च्या कोरियन युद्धापूर्वी ती दक्षिण कोरियात होती. आज ती उत्तर कोरियात आहे. उलट पूर्व किनाऱ्यावरचे सोकचो अक्षवृत्ताच्या उत्तरेला असूनही दक्षिण कोरियात आले. युद्धाच्या काळात उत्तरेकडच्या हामग्योंग प्रांतातून पळून आलेल्या लोकांनी सोकचोच्या वाळूवर झोपड्या टाकल्या. लवकरच परत जायचे आहे, मग पक्के घर कशाला बांधा, असा त्यांचा हिशेब होता. अबाई नावाची ती वस्ती अजून तिथेच आहे.

कोरियाचे कायमचे दोन तुकडे करायचे, असे सुरुवातीला कुणीच ठरवले नव्हते. 1910 पासून हा देश जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट 1945 मध्ये जपान कोसळू लागला आणि सोव्हिएत फौजा कोरियात उतरल्या. अमेरिकी सैन्य तेव्हा अजून दूर होते. कुठल्या भागातल्या जपान्यांनी कुणापुढे शस्त्रे ठेवायची, एवढाच प्रश्न होता. 10 ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना तो अर्ध्या तासात सोडवायला सांगण्यात आला. त्यांच्यापुढे होता एका मासिकाचा नकाशा. सोल आपल्याकडे राहावे एवढे पाहून त्यांनी 38वे अक्षवृत्त सुचवले आणि मॉस्कोने खळखळ न करता ते मान्य केले. एकाही कोरियन माणसाला कुणी विचारले नाही. या रेघेला ना डोंगर ठाऊक होते, ना नद्या, ना गावांच्या शिवा. मोठी वीजकेंद्रे उत्तरेत राहिली आणि भाताची सुपीक जमीन दक्षिणेत. मे 1948 मध्ये उत्तरेने दक्षिणेची वीजच तोडली.

तोवर दोन राज्ये जन्माला येणार हे दिसू लागले होते. डिसेंबर 1945 मध्ये मॉस्कोत ठरलेली, बड्या राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या पाच वर्षांच्या कारभाराची योजना कोरियनांना अपमानास्पद वाटली आणि ती बारगळली. मग संयुक्त राष्ट्रांनी निवडणुकीसाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू दिले नाही. फक्त दक्षिणेत निवडणूक घेतली तर फाळणीवर शिक्कामोर्तब होईल, हे मेनन यांना दिसत होते. तरी शेवटी त्यांनी तिच्या बाजूने कौल दिला. यामागे कोरियन कवयित्री मो युन सुक यांच्याशी असलेला स्नेह होता, त्या वेळी आपण डोक्यापेक्षा मनाचे ऐकले, अशी कबुली त्यांनी पुढे आत्मचरित्रात दिली. एका स्नेहाने देश दुभंगला असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल, कारण अमेरिकेचा निर्णय आधीच झालेला होता. 15 ऑगस्ट 1948 रोजी सोलमध्ये सिंगमन ऱ्ही यांचे सरकार आले, 9 सप्टेंबरला प्याँगयांगमध्ये किम इल सुंग यांचे. दोघेही सबंध कोरियावर हक्क सांगत होते.

25 जून 1950 रोजी किम यांच्या फौजांनी रेघ ओलांडली. तीन वर्षांच्या त्या युद्धाचा लष्करी इतिहास सर्वत्र वाचायला मिळतो. इथे एकच गोष्ट महत्त्वाची. पहिल्या वर्षभरात सोलचा ताबा चार वेळा बदलला. प्रत्येक वेळी नव्याने आलेल्यांनी आधीच्यांना साथ देणारे शोधून काढले, आणि नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली. वॉशिंग्टनमध्ये आखलेली रेघ कोरियनांच्या घरादारांत शिरली ती या सूडाच्या फेऱ्यांत. 27 जुलै 1953 रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. ऱ्ही यांच्या सरकारने त्यावर सही केली नाही, आणि शांतता करार तर आजतागायत झालेला नाही.

युद्धविराम लांबण्याचे मोठे कारण होते युद्धकैदी. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या सुमारे 22 हजार कैद्यांचे काय करायचे? तोडगा म्हणून ते तटस्थ आयोगाच्या हवाली झाले. आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि पहाऱ्याला आलेल्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ऱ्ही भारतावर इतके खवळलेले होते की भारतीय जवानांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवायची बंदी होती. त्यांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात, म्हणजे दोन्ही फौजांमध्ये मोकळ्या सोडलेल्या पट्टीत, उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले तेव्हा थोरात स्वतः त्या छावणीत गेले आणि त्याला सोडवून आणले. शेवटी 88 जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि 1954 मध्ये ते भारतात आले. त्यांत बहुतेक कोरियनच होते.

युद्धविरामानंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना जे घडले, त्याचा दोष मात्र बाहेरच्यांवर टाकता येत नाही. नातेवाईक पलीकडे असणे हा दोन्हीकडे डाग ठरला. उत्तरेत ‘सोंगबुन’ या वर्गवारीत माणसाचे वाडवडील कोण होते आणि युद्धात त्यांनी काय केले यावर त्याचे शिक्षण, नोकरी आणि राहण्याचे ठिकाण ठरू लागले. दक्षिणेत पळालेल्यांचे नातलग सर्वांत खालच्या, ‘शत्रू’ वर्गात गेले. दक्षिणेत उत्तरेशी संबंध ठेवणाऱ्यांना शिक्षा करणारा 1948 चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा होताच. शिवाय भाऊ किंवा काका उत्तरेत गेलेला असेल तर सरकारी नोकरी आणि परदेश प्रवासाची दारे बंद होत. ही पद्धत संविधानाने 1980 मध्ये मोडीत काढली. तोपर्यंत कितीतरी घरांनी हरवलेल्या माणसाचे नाव काढणेच सोडले होते. ताटातुटीचे दुःख उघडपणे करायचीही सोय नव्हती, हे मला त्या ताटातुटीपेक्षाही क्रूर वाटते.

त्यामुळेच 30 जून 1983 च्या रात्री दक्षिणेतल्या केबीएस वाहिनीने हरवलेल्या नातलगांचा शोध घेणारा कार्यक्रम सुरू केला तेव्हा बांध फुटला. एका रात्रीपुरता ठरलेला हा कार्यक्रम 138 दिवस चालला आणि 10 हजारांवर कुटुंबे एकत्र आली. ही माणसे दक्षिण कोरियातच, काही वेळा जवळच्याच शहरात, एकमेकांना मेलेले समजून तीस वर्षे जगत होती. सीमेपलीकडच्या नातलगांच्या भेटी नियमितपणे सुरू व्हायला 2000 साल उजाडले. दक्षिणेचे अध्यक्ष किम दे जुंग आणि उत्तरेचे नेते किम जाँग इल यांच्या शिखर बैठकीनंतर 2018 पर्यंत अशा 21 फेऱ्या झाल्या. दक्षिणेत भेटीसाठी 1 लाख 30 हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती, आणि प्रत्येक फेरीत सोडतीने निवडलेल्या जेमतेम शंभर जणांची वर्णी लागे. तीन दिवसांत काही तास एकत्र, मग पुन्हा ना पत्र ना फोन. नोंदणी केलेल्यांपैकी बहुसंख्य आता हयात नाहीत.

हयात असलेल्यांची आशाही 2023 च्या अखेरीस आणखी आटली. दक्षिण कोरिया हे वेगळे, शत्रू राष्ट्र असल्याचे किम जाँग उन यांनी जाहीर केले, प्याँगयांगमधली एकीकरणाची कमान पाडली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये दक्षिणेला जोडणारे रस्ते स्फोटाने उडवले. आजोबा किम इल सुंग यांनी ज्या एकीकरणाच्या नावाने युद्ध पुकारले, ते नातवाने अधिकृतपणे सोडून दिले.

दक्षिणेच्या संविधानाचे तिसरे कलम मात्र अजून संपूर्ण द्वीपकल्पाला आपला प्रदेश मानते. उत्तरेच्या पाच प्रांतांसाठी सोलमध्ये आजही राज्यपाल नेमले जातात. त्यांनी ज्यावर राज्य करायचे तो प्रांत त्यांना पाहताही येत नाही. वरवर हास्यास्पद वाटणाऱ्या या तरतुदीला व्यवहारात मात्र वजन आहे. जानेवारी 2025 मध्ये रशियाच्या बाजूने लढणारे दोन उत्तर कोरियन सैनिक युक्रेनच्या हाती लागले. त्यांतल्या एकाने दक्षिण कोरियात जायची इच्छा सांगितली, तेव्हा सोलने उत्तर दिले की संविधानानुसार ते आमचे नागरिक आहेत आणि त्यांनी मागणी केल्यास आम्ही त्यांना स्वीकारू.