हंगाम सरताना हिरवी राहिलेली अंजिरे

हवेत गारवा येतो, पाने पिवळी पडू लागतात आणि तरीही अंजिराच्या झाडावर टणक, हिरवी फळे तशीच लटकलेली असतात. थंड प्रदेशांतल्या बागांत हे दरवर्षी घडते. या फळांचे काय करावे, हे त्यांच्या वाढीचा टप्पा ठरवतो.

अंजिराची वाढ सलग होत नाही. सुरुवातीला ते भराभर फुगते, मग कित्येक आठवडे त्याचा आकार, रंग आणि टणकपणा जवळपास जसाच्या तसा राहतो आणि शेवटच्या टप्प्यात ते काही दिवसांतच पुन्हा फुगून मऊ व गोड होते. फळातली बहुतेक साखर याच शेवटच्या टप्प्यात पानांकडून येते. त्यामुळे मधल्या टप्प्यात तोडलेले अंजीर घरात कितीही दिवस ठेवले तरी गोड होत नाही, ते फक्त सुरकुतते. केळ्याचा अनुभव इथे कामाला येत नाही.

तिसऱ्या टप्प्याची सुरुवात इथिलीन या वायुरूप संप्रेरकाशी जोडलेली आहे. फळाच्या टोकाकडील छिद्रावर ऑलिव्ह तेलाचा थेंब लावून ते लवकर पिकवण्याची जुनी युक्ती यावरच चालते, कारण तेल लावल्यावर फळात इथिलीनचे प्रमाण वाढते. अंजिराचाच भाऊबंद असलेल्या सायकॅमोर वृक्षाची फळे लोखंडी हत्याराने ओरखडली की चौथ्या दिवशी पिकतात, असे ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वीच लिहून ठेवले होते. तिथेही जखमेमुळे सुटणारे इथिलीनच काम करते. मात्र तेलाचा उपयोग दुसरा टप्पा संपत आलेल्या, पूर्ण आकाराच्या फळांनाच होतो, कोवळ्या फळांवर तो प्रयोग वाया जातो. पाने गळून गेली असतील, तर फळात साखर येणार तरी कुठून?

उरलेल्या फळांपैकी फांदीच्या शेंड्याजवळची, वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान फळे जपावीत, कारण कडाक्याच्या थंडीतून ती वाचली तर पुढच्या उन्हाळ्यातला पहिला बहर त्यांचाच असतो. त्याहून मोठी, पण न पिकलेली फळे हिवाळ्यात बहुधा मरतात, कुजतात आणि बुरशीला घर मिळते. ती काढून टाकणेच बरे. मला तरी इथे हळवेपणा परवडणारा वाटत नाही.

तोडताना हातमोजे घालावेत. झाडाच्या पांढऱ्या चिकात फ्युरोकुमारिन गटातली द्रव्ये असतात आणि चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड येऊन डाग राहू शकतात. याच चिकात फायसिन हे प्रथिने तोडणारे विकर असते, म्हणून हिरवे अंजीर कच्चे खाल्ल्यास तोंड चुरचुरते. वाया घालवायची नसतील, तर पाणी बदलत अनेकदा उकळून ती साखरेच्या पाकात मुरवता येतात. उष्णतेने फायसिन निकामी होते आणि बराचसा चीक फेकलेल्या पाण्यासोबत जातो.